वारसा की वतन?

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी लोकर विणायला शिकलो. शिकवलं आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. हे कळल्यावर चळवळीतला एक तरुण कार्यकर्ता हसून म्हणाला, 'काका, आम्ही पिढीजात धंदे मोडा म्हणून भाषणं करतोय आणि तुम्ही या वयात आईचा धंदा उचलता?'

तो गमतीनं बोलला. पण प्रश्न गमतीवारी नेण्यासारखा नाही. आईकडून लेकराकडे आलेलं कसब आणि जातीनं गळ्यात बांधलेलं काम, या दोन गोष्टी एकच आहेत का? एक नसतील तर फरक नेमका कुठं आहे? त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. ते इथं देतो. देताना घरातली एक गोष्ट सांगावी लागणार आहे, आणि ती मला भूषणावह नाही.

आमचं घर नायगावच्या चाळीत. एक खोली आणि माणसं सहा. बाप गिरणीत रिंगखात्यात. आई घरी, म्हणजे घरातलं सगळं करून वर लोकर विणायची. आता कुणी म्हणेल, विणकाम तुमच्या घराण्यातच असेल. नव्हतं. आमच्या आजीनं उभ्या जन्मात लोकरीची सुई पाहिली नव्हती. तिला गोधडी येत होती, तीही फाटक्या लुगड्यांची. आईला विणायला शिकवलं शेजारच्या खोलीतल्या मावशीनं. ही मावशी नगरकडची ख्रिस्ती, दवाखान्यात आया होती. लहानपणी मिशनच्या शाळेत ती विणकाम शिकली होती. पावसाळ्यात एकदा तिनं आईला चार टाके घालून दिले आणि म्हणाली, 'हे घे, बस माझ्याजवळ.' आईला अक्षर येत नव्हतं. टाके ती बोटांच्या पेरांवर मोजायची. दोन महिन्यांत ती मावशीच्या पुढं गेली.

म्हणजे आमच्या 'घराण्याचं' हे कसब एका पिढीचं. ते रक्तातून आलं नाही, शेजारून आलं. एका धर्मातल्या बाईनं दुसऱ्या धर्मातल्या बाईला दिलं. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

आई बाळाचे सेट विणायची. टोपडं, मोजे, छोटा स्वेटर. मुंबईत थंडी कुठं, पण बाळंतपणं बारमाही असतात. एक दुकानदार लोकर वजन करून द्यायचा आणि विणलेला माल वजन करूनच परत घ्यायचा. तोळाभर कमी भरली तर मजुरीतून कापायचा. मजुरी इतकी की आईच्या आठ दिवसांच्या रात्री मोजल्या तर दोन दिवसांचा बाजार. ते सेट दादर-माटुंग्याच्या घराघरांत जायचे, नव्या बाळाच्या अंगावर चढायचे. विणणारी कोण, हे कुणी विचारलं नाही आणि दुकानदारानं सांगितलं नाही. तसंही सोवळ्यात धाबळी चालतेच. लोकरीला आणि रेशमाला विटाळ नाही, अशी सोय या लोकांनी आधीच करून ठेवलेली आहे. सुताला मात्र विटाळ आहे. तो कसा, ते बापाच्या गिरणीत पाहायला मिळे.

विणकाम हा शब्द मराठीत सुयांनाही लागतो आणि साच्यालाही लागतो. माझी आई विणत होती, पण माझ्या बापाला विणायची बंदी होती. मुंबईच्या गिरण्यांत साचेखातं, म्हणजे कापड विणायचं खातं, जास्त पगाराचं. तिथं अस्पृश्यांना घेत नसत. कारण असं सांगत: धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचं. आज या साच्यावर महाराचं तोंड लागलं आणि उद्या तिथं मराठा उभा राहिला तर त्याचा धर्म बुडतो. म्हणून आमची माणसं रिंगखात्यात, कमी पगारावर. लँकेशायरच्या गिरण्यांतही धोट्याला तोंड लावण्याची हीच रीत होती. तिथं आक्षेप निघाला तो रोगराईचा, इथं विटाळाचा.

आता गंमत बघा. जे सूत साचेवाला तोंडानं ओढत होता ते कातलं कुणी? रिंगखात्यातल्या आमच्या माणसांनी. दिवसभर आमची बोटं त्या सुतावरून फिरलेली. तेच सूत त्याच्या तोंडात जात होतं आणि धर्म जागच्या जागी होता. तिकडे विदर्भात महारांनी पिढ्यान्पिढ्या मागावर जाडंभरडं कापड विणलं आणि ते बाजारात विकलं गेलं. १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथंही आमची माणसं मोठ्या संख्येनं गेली. जात तीच आणि सूतही तेच. नागपुरात जी जात विणकर, ती मुंबईत विणायला नालायक. यात कसबाचा प्रश्न कुठंच नव्हता. चार पैसे जास्त मिळणारी जागा आपल्याच माणसांसाठी राखायची होती, आणि विटाळ हे त्या दाराचं कुलूप होतं.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला, एप्रिल ते ऑक्टोबर. दीड लाखाच्या घरात कामगार बाहेर होते. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारलं की अस्पृश्य कामगाराला साचेखातं कधी खुलं होणार? कामगारांची एकजूट म्हणता, मग एका कामगारानं दुसऱ्याला दाराबाहेर ठेवलेलं चालतं कसं? पुढाऱ्यांना हा प्रश्न तेव्हा अडचणीचा वाटला.

त्याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी बिल आणलं होतं. वतन म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. गावकीची आणि सरकारची पडेल ती कामं, रात्री-अपरात्री निरोप घेऊन धावणं, बदल्यात तुकडाभर इनाम जमीन आणि बलुतं. बाप राबला म्हणून पोरगा राबायचा. पुन्हा शब्द किती रुबाबदार, वतन! आपलीच कित्येक माणसं ते सोडायला तयार नव्हती, कारण वाडवडलांचं होतं. कायद्यानं ते गेलं १९५९ साली, बाबासाहेबांच्या पश्चात.

मित्रहो, १९२८ सालच्या या दोन लढाया शेजारी शेजारी ठेवून बघा. एक लढाई जन्मानं लादलेल्या कामातून सुटण्याची. दुसरी, जन्मानं नाकारलेल्या कामात शिरण्याची. एकाच माणसानं एकाच वर्षी दोन्ही का लढाव्यात? कारण दोन्ही एकच आहेत. जातीच्या घराला दोन कुलपं असतात. एक आतल्याला बाहेर जाऊ देत नाही, दुसरं बाहेरच्याला आत येऊ देत नाही. १९३६ सालच्या 'जातिप्रथेच्या निर्मूलना'त बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात नुसतं काम वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळ्या कप्प्यांत वाटून टाकते. आवड, कुवत, निवड यांना तिथं जागाच नाही.

तेव्हा माझ्या तरुण मित्राला पहिलं उत्तर हे. आईनं शिकवलं म्हणून एखादं काम जातीचं होत नाही. त्याला दोन प्रश्न विचारा. ज्याच्या घरात ते आहे त्याला ते नाकारता येतं का? आणि ज्याच्या घरात नाही त्याला ते शिकता येतं का? दोन्हींना 'हो' असेल तर तो वारसा. एकालाही 'नाही' असेल तर ते वतन, मग त्याला परंपरा म्हणा, कला म्हणा, नाहीतर संस्कृती म्हणा.

हलगीचा वाद आपल्यात नेहमी होतो. हलगी फेकून द्यावी की जपावी? मला वाटतं, ज्याला वाजवावीशी वाटते त्यानं वाजवावी, ब्राह्मणाच्या पोरानंही शिकावी. पण गावात मयत झाली की 'बोलवा रे त्यांना' म्हणून ज्या घराकडे बोट जातं, त्या घरानं त्या दिवशी हलगी वाजवू नये. वाद्य तेच, पण कोण कुणाला आणि कशाच्या जोरावर बोलावतो, ते बघायचं.

इथवर लिहिणं सोपं होतं. असं मी पन्नास वर्षं बोलत आलो. आता घरातली गोष्ट.

१९६८ साली आक्का सातवी पास झाली आणि तिची शाळा थांबली. कुणी तिला मारलं नाही, कुणी रागावलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली, मी दप्तर घेऊन निघालो, आणि आईनं तिच्या हातात दहा नंबरच्या सुया दिल्या. एवढंच झालं. दोघी विणायला लागल्या तर माल दुप्पट निघणार होता. त्या मालावर माझी फी भरायची होती. आक्का माझ्यापेक्षा हुशार होती. गणित तर तिनंच मला शिकवलं होतं.

आणखी एक आठवतं. मी तेव्हा अकरा वर्षांचा. दोघी बसल्या की मलाही त्या सुयांचं आकर्षण वाटे. एकदा म्हणालो, 'मला पण शिकव की.' आई म्हणाली, 'आरं, तुला काय करायचं हाय? ते बायकांचं काम. तू बुकं वाच.' मला शिकायचं होतं, मला शिकवलं नाही. आक्काला शाळेत जायचं होतं, तिला विचारलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही कुलपं होती. बाहेरून ती कुणी येऊन लावली नव्हती.

१९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी एक शिक्षण योजना आणली. खेड्यातल्या पोरांनी तीन तास शाळा करायची आणि उरलेल्या वेळात घरी आई-बापाचं काम शिकायचं. पेरियारांनी तिला कुलधंद्याची शिकवण म्हणून झोडपलं, आंदोलन पेटलं, १९५४ साली राजाजींना जावं लागलं आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. कॉलेजात असताना यावर मी एक जळजळीत भाषण ठोकलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. त्या भाषणाला जायला जो सदरा घातला तो आक्काच्या मजुरीतून आलेला. राजाजी पोरांना निदान तीन तास शाळेत तरी पाठवत होते. आम्ही आक्काला तेवढेही दिले नाहीत.

नामांतराच्या आंदोलनात मला अटक झाली. कोठडीत डिसेंबरचा गारठा होता. अंगात आक्कानं विणलेला निळा स्वेटर होता. बरोबरचे कार्यकर्ते आळीपाळीनं तो घालायचे. सुटून आल्यावर माझा चाळीत सत्कार झाला. त्यात स्वेटरचा उल्लेखही कुणी केला नाही, मीही केला नाही. तेव्हा आक्का लग्न होऊन सासरी होती. पुढं नवऱ्यानं टाकली आणि ती दोन वर्षांची मुलगी घेऊन चाळीत परत आली. तोवर १९८२ सालच्या संपानं बापाची गिरणी खाल्लेली होती. मी डाकघरात चिकटलो, कल्याणकडे खोली घेतली. चाळीतलं घर चाललं ते पुन्हा सुयांवर.

आईला दोष देणं सोपं आहे, आणि मी तो देत नाही. तिच्यापुढं दोन पोरं आणि एका पोराची फी होती. गरिबीनं निवड करायला लावली. पण निवड करताना पोरगीच का मागं राहिली, याचं उत्तर गरिबीकडे नाही. ते मनूकडे आहे. बौद्ध झालेल्या घरातही तो मोरीशेजारी बसून होता आणि आम्हाला दिसला नाही. आम्ही त्याचे पुतळे आणि पुस्तकं शोधत बाहेर हिंडत होतो.

२०१९ साली आई गेली. चाळीच्या खोलीची भाडेपावती माझ्या नावावर झाली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, आक्कालाही नाही. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं त्यामागं हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतं, आणि त्या बिलात मुलीला वारस करण्याची बाब होती. दरवर्षी हे मी भाषणात सांगायचो. आमच्या घरात मुलीला वारसा मिळाला तो दहा नंबरच्या सुयांचा. खोली मुलाला.

गेल्या वर्षी आक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी महिनाभर तिच्याकडे राहायला गेलो. तिची मुलगी, माझी भाची, नोकरीवर. आक्काला डोळ्याला ताण द्यायचा नव्हता आणि भाचीचं बाळ तीन महिन्यांवर आलेलं. टोपडं अर्धं सुयांवर. ती सारखी चाचपून बघे आणि ठेवून देई. मी म्हणालो, 'आक्का, मला शिकव. मी पुरं करतो.'

ती आधी हसली. मग म्हणाली, 'खरंच शिकायचंय की भाषणात सांगायला?'

मी गप्प बसलो. थोड्या वेळानं तिनंच सुया माझ्या हातात दिल्या. एक सुलट, एक उलट. मला वाटायचं, बायका गप्पा मारत विणतात म्हणजे हे काम बिनडोक्याचं. पहिल्या दिवशी तीन ओळी विणल्या आणि तिन्ही उसवाव्या लागल्या. टाका कधी गळाला ते पाच ओळी पुढं गेल्यावर कळायचं. डोळ्यावर काळा चष्मा, पण आक्का बोटानं चाचपून सांगायची, 'इथं सुटलाय. उसव.' घट्ट विणायचो तर म्हणायची, 'अरे, लोकर पळून जात नाही. सैल धर. बाळाच्या डोक्याला आवळायचंय का?' मापं सगळी तिच्या डोक्यात. महिन्याच्या बाळाला टाके किती, सहा महिन्यांच्या बाळाला किती, दंडाशी किती कमी करायचे. हे गणितच होतं. सातवीत थांबलेलं तिचं गणित इकडे चालू राहिलं होतं आणि घरात कुणी त्याला गणित म्हटलं नव्हतं.

एका दुपारी मी विचारलं, 'आक्का, आईनं तुला शाळेतून काढून हे शिकवलं. तुला राग नाही येत?'

ती म्हणाली, 'शिकवल्याचा राग नाही. हे काम मला आवडतं. हात चालला की डोकं थाऱ्यावर येतं. नवऱ्यानं टाकल्यावर यानंच जगवलं. राग आहे तो विचारलं नाही त्याचा. मला विचारलं असतं तर कदाचित मी शाळा करून हेही शिकले असते. पण विचारलं पाहिजे होतं.'

मी पुढं विचारलं, 'मग पोरीला का नाही शिकवलंस?'

'तिला विचारलं. ती नको म्हणाली. संपलं.'

मित्रहो, आयुष्यभर पुस्तकं वाचून मी जे शोधत होतो ते आक्कानं दोन शब्दांत सांगितलं. 'तिला विचारलं' एवढ्यात वारसा आणि वतन यांच्यातली सगळी वाट आहे. वतन विचारत नाही. आईच्या मायेतून आलेलं कामसुद्धा न विचारता आलं तर वतन होतं, आणि विचारून आलेलं काम परक्याकडून आलं तरी आपलं होतं. आईला ख्रिस्ती मावशीनं विचारलं होतं, 'बस माझ्याजवळ' म्हणाली होती. तोच खरा आमचा वारसा. मधल्या एका पिढीत आम्ही त्याचं वतन केलं.

तुम्ही तरुण पोरं सभा घेता, पत्रकं काढता, रात्री घरी जाता. घरी जेवण तयार असतं. ते कुणी केलं? तिला कुणी विचारलं होतं? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायला तुमच्या डब्यात भाकरी कुणी बांधल्या आणि तिला यायचं होतं का, हे तुम्हाला माहीत आहे का? भाकरी करू नये असं मी म्हणत नाही. भाकरी थापणं हे पोरीच्या जन्माबरोबर आलेलं वतन आहे की घरातल्या कुणालाही शिकता येणारं आणि नाकारता येणारं काम आहे, एवढाच प्रश्न आहे. तुमच्यापैकी किती जणांना भाकरी थापता येते? येत नसेल तर ते दार तुमच्यासाठी बंद कुणी केलं, आणि त्या बंद दाराचा फायदा कुणाला झाला? माझ्या बापाला साचेखात्याचं दार बंद होतं आणि त्याचा तोटा आम्हाला झाला. मला सुयांचं दार बंद होतं, आणि त्याचा सगळा फायदा मला झाला. म्हणून पन्नास वर्षं ते मला बंद दिसलंच नाही.

हा लेख लिहायला बसण्याआधी मी एक काम उरकलं. चाळीच्या खोलीला आक्काचं नाव लावावं म्हणून अर्ज दिला. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, फार उशीर झालेला आहे. ते न करता लिहिलं असतं तर आणखी एक भाषण झालं असतं, आणि आक्कानं तेही ऐकून घेतलं असतं.

टोपडं पुरं झालं. कडेला दोन टाके वाकडे आहेत. आक्का म्हणाली, 'राहू दे, उसवू नकोस. पहिलं आहे.' भाचीला मुलगा झाला. तो मोठा झाला की त्याला विचारणार आहे, शिकायचंय का म्हणून. नको म्हणाला तर नको.

जय भीम.